कूलरच्या आवाजावर चढवलेलं गाणं

आमच्या घरात गाण्याशिवाय पुस्तक वाचता येत नाही. येत नाही म्हणजे नाही. यावर आजवर मला इतक्यांनी शहाणपण शिकवलं आहे की आता समोरच्यानं तोंड उघडलं की त्याचं वाक्य मीच पूर्ण करते. एक तर गाणं ऐका, नाही तर वाचा; दोन्ही एकदम म्हणजे धड ना हे, धड ना ते. सासूबाई असं म्हणायच्या, नवरा म्हणतो, शेजारच्या काकू तर कंपाउंडवरून म्हणतात. अहो, पण गाणं ऐकतं कोण? पुस्तकात जीव रमला की गाणं कानात शिरतच नाही. ते दारात बसून राहतं आणि बाकीच्या जगाला आत येऊ देत नाही. एवढ्या साध्या गोष्टीसाठी मला जन्मभर भांडावं लागलं आहे.

ही खोड अकोल्याची, माहेरची. आमच्या घराखाली पिठाची गिरणी होती. सकाळी पट्टा चढला की दुपारपर्यंत भिंती थरथरायच्या, ताटातलं वरणसुद्धा थरथरायचं. बाबांना वाचनाचा नाद आणि गिरणीचा राग. उपाय म्हणून त्यांनी टेपरेकॉर्डर आणला. गिरणीचा आवाज नको ना, मग त्याच्यावर सारंगी चढवा. मी त्यांच्या शेजारी सतरंजीवर पालथी पडून वाचायची. हळूहळू माझे नियम ठरले. नवीन पुस्तकाला शब्दांचं गाणं चालत नाही, गाण्यातले शब्द पुस्तकातल्या शब्दांत घुसतात. त्याला सारंगी, बासरी, नाही तर सनई. एकदा वाचलेलं पुन्हा वाचायला काढलं तर गझल चालते. अभ्यासाच्या पुस्तकाला लावणीसुद्धा चालते, तिथे नाही तरी जीव लागतच नाही. एका उन्हाळ्यात मी एक जाडजूड कादंबरी एकाच सारंगीच्या कॅसेटवर वाचून काढली होती. आजही कुठे सारंगी वाजली की मला त्या पुस्तकाच्या डिंकाचा वास येतो.

त्याच घरात माझे थोरले काका राहायचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी कापसाच्या जिनिंगमध्ये, यंत्रांच्या खडखडाटात काढली होती आणि कान तिथेच ठेवून आले होते. काका शांत, निर्व्यसनी, पोराबाळांचे लाडके. पण त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि ओरडायचा सगळ्यांना कंटाळा. मग त्यांच्या वाट्याला दोनच वाक्यं राहिली, ‘जेवता का’ आणि ‘चहा घेता का’. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं ते त्यांच्यासमोर, त्यांच्याच खाटेवर बसून. बैठक झाली, पाहुणे गेले, कपबश्या विसळून झाल्या. काकांना मुलगा कुठला ते कळलं पत्रिका छापून हातात आली तेव्हा. कोणी मुद्दाम केलं नव्हतं. पण ती पत्रिका उलटीपालटी करून पाहणारे काका मी पाहिले आहेत, आणि घरात ऐकू न येणाऱ्या माणसाचं काय होतं हे मला त्या दिवसापासून माहीत आहे.

लग्न होऊन अमरावतीला आले. पोस्टात नोकरी, काउंटरवर. नवरा पाटबंधारे खात्यात, स्वभावानं थंड. भांडण पेटायला दोन माणसं लागतात, आणि हा माणूस मधूनच उठून झाडांना पाणी घालायला जातो. एकच मुलगी झाली आणि तिनं माझी खोड अशी उचलली की विचारू नका. बाराखडी गिरवायची तीसुद्धा रेडिओशेजारी. माझी आई म्हणायची, ‘मायची वांगी पोरीच्या टोपल्यात.’ मला त्याचं कौतुकच वाटायचं, का वाटू नये? घरात दोन माणसं एका खोलीत बसून आपापलं पुस्तक वाचताहेत आणि मध्ये बासरी चालू आहे, याहून चांगलं घर मी तरी पाहिलेलं नाही.

पण वऱ्हाडात उन्हाळा असतो, आणि उन्हाळ्यात कूलर. होळी झाली की माळ्यावरून तो लोखंडी हत्ती खाली उतरवायचा, खिडकीत बसवायचा, वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, पाइपानं पाणी भरायचं. मग मृग लागेपर्यंत तो घरघरत राहतो. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नसतं, डांबर मऊ झालेलं असतं, आणि आत आपण त्या थंड वाऱ्याच्या झोतात बसलेले. त्या झोतासारखं वाचनाला दुसरं ठिकाण नाही. फक्त आवाज एवढा, की माणसाला माणसाशी हातवारे करावे लागतात. बाबांनी गिरणीवर केलं तेच आम्ही कूलरवर केलं, त्याच्यावर गाणं चढवलं. आधी टेपवर. पुढे मोबाइल आला, इअरफोन आले, आणि गाणं सरळ कानाच्या आत जाऊन बसलं. आवाज वाढवला की मोबाइलवर एक इशारा यायचा, इतक्या मोठ्या आवाजात फार वेळ ऐकल्यानं कानांना इजा होऊ शकते. खाली ‘ठीक आहे’ असं लिहिलेलं असायचं. ते दाबलं की इशारा निघून जायचा. मी रोज दाबायची. मुलगीही दाबायची.

मुलीबद्दल सांगितलं पाहिजे, कारण हे सगळं तिच्याबद्दलच आहे. तिला रेल्वेचं इंजिन चालवायचं आहे. लहानपणी अकोल्याला आजीकडे जाताना बडनेऱ्याच्या फलाटावर तिनं इंजिनात एक बाई पाहिली, खिडकीवर कोपर टेकवून निवांत बसलेली. त्या दिवसापासून हिचं दुसरं काही नाही. डॉक्टर हो म्हटलं, नाही. शिक्षिका हो म्हटलं, तर तोंडावर हसली. दहावीनंतर तंत्रनिकेतनला इलेक्ट्रिकल घेतलं, पदविका झाली, आणि इंजिनचालकाच्या परीक्षेची जाड जाड पुस्तकं घरात येऊन पडली. ती पोर आठ-आठ तास बसायची. मी बसून राहिलेली माणसं पोस्टात रोज पाहते, पण असं बसणं वेगळं.

नवऱ्याच्या ऑफिसातल्या कोणी तरी त्याला सांगितलं की या नोकरीत लेखी परीक्षा एक वेळ सोपी, खरी चाळणी म्हणजे शरीराची तपासणी, आणि तिथे डोळे पाहतात. झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात डोळ्यांची पूजा सुरू झाली. गाजर, पपई, शेवग्याच्या पाल्याची भाजी. सकाळी गवतावर अनवाणी चालणं. झोपून वाचायचं नाही, दिवा डाव्या बाजूला पाहिजे. दर काही महिन्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरची वारी. आणि मोबाइलकडे पाहायला बंदी. शिकवणीचे तास मोबाइलवर असत, तर बापानं फर्मान काढलं की पडद्याकडे पाहायचं नाही, नुसतं ऐकायचं. ती गुणी पोर, तिनं ऐकलं. मोबाइल पालथा ठेवून कानात इअरफोन घालून ती तास ऐकायची, तास संपला की गाणं लावून वाचायची, आणि समोर कूलर. डोळे इतके जपले की काय सांगू. आमच्याकडे म्हण आहे, दुखणं हेल्याले अन् डाग पखालीले; रेडा आजारी आणि चटका त्याच्या पाठीवरच्या पाण्याच्या कातडी पिशवीला. आम्ही तिघं तिघं शहाणी माणसं पखालीला डाग देत बसलो होतो.

मागच्या पावसाळ्याच्या तोंडाशी कूलर बंद झाला. नवऱ्यानं त्यातलं पाणी काढलं, त्याला ताडपत्री घातली. दोन-तीन दिवसांनी दुपारी मी वाचत बसले होते, सुट्टी होती, आणि माझ्या लक्षात आलं की कूलर चालूच आहे. बारीक, लांबून, पण चालू. मी मुलीवर ओरडले की पाणी नसताना मोटर कशाला लावली, जळून जाईल. ती तिच्या खोलीत होती, ऐकलं नाही. नवरा बाहेर आला, ताडपत्री घातलेल्या कूलरकडे बोट दाखवून म्हणाला, ‘अवं, तो तर कवाचा बंद हाये.’ आणि हसला. मीही हसले.

मग मी शोधायला लागले. फ्रिज असेल. फ्रिज बंद केला. इन्व्हर्टर असेल. तोही बंद केला. शेजाऱ्यांची पाण्याची मोटर असेल म्हणून भिंतीला कान लावून उभी राहिले. आता तो आवाज घरघरीसारखा राहिला नव्हता, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जी बारीक शीळ निघते ना, तशी ती शीळ, आणि ती थांबत नव्हती. मला इतका संताप आला की मी मीटरजवळ गेले आणि मेन स्विच खाली पाडला. पंखे हळूहळू फिरत थांबले. फ्रिज थांबला. बाहेर आभाळ भरून आलेलं, रस्त्यावर कोणी नाही, सगळं घर गप्प. आणि शीळ होती तशीच होती. मी दोन्ही हातांनी कान दाबले, तेव्हा ती आणखी मोठी झाली. मी तिथेच मीटरखाली जमिनीवर बसले. आतून मुलगी ओरडली की लाईट कावून गेली.

आईला फोनवर सांगितलं. आईकडे प्रत्येक दुखण्याला तेल आहे. लसूण टाकून तेल गरम कर, कोमट झालं की कानात दोन थेंब टाक, वरून कापूस लाव. परतवाड्याला कोणी तरी कानाची जडीबुटी देतो, त्याच्याकडे जा. हे सगळं सांगून झालं आणि मग ती म्हणाली, ‘तुया काकाले बी आधी असीच शिट्टी याची कानात. मंग शिट्टी बी गेली न् सारंच गेलं.’ मी फोन ठेवला. तेल टाकलं, कापूस लावला, आणि कापूस लावून काउंटरवर बसले तर समोरची माणसं काचेमागे नुसती ओठ हलवताना दिसायला लागली. कापूस काढला. फारसा फरक पडला नाही, आणि मग मात्र मी घाबरले.

कानाच्या डॉक्टरांनी तपासणी केली. काचेची बंद खोली, डोक्यावर जाड हेडफोन, आवाज आला की बोट वर करायचं. नंतर त्यांनी कागदावरची रेघ दाखवली. डावीकडे बरी चाललेली रेघ उजवीकडे जाऊन विहिरीत पडावी तशी खाली पडली होती. बारीक आवाज गेले आहेत, म्हणाले, दोन्ही कानांचे. गेले ते परत येत नाहीत, आहेत ते सांभाळा. शीळ राहील. डॉक्टर तरुण होते, अदबीनं बोलत होते, मला त्यांचाही राग आला. त्यांनी विचारलं, कारखान्यात कामाला आहात का? डीजेचा, मंडपाचा धंदा आहे का घरात? मी म्हटलं, मी पोस्टात आहे आणि घरी पुस्तकं वाचते. ते म्हणाले, वाचून कान जात नाहीत. मग मी सगळं सांगितलं, गाणं, इअरफोन, कूलर. ते लिहायचे थांबले. म्हणाले, ‘कूलरसमोर बसून इअरफोननं ऐकायचं म्हणजे कूलरपेक्षा मोठं ऐकायचं. घरात आणखी कोणी असं ऐकतं का?’

तोवर मी माझ्याच कानांसाठी रडत होते. त्या क्षणापासून माझे कान माझ्या लेखी संपले. रेल्वेच्या इंजिनचालकाच्या तपासणीत डोळ्यांबरोबर कानही पाहतात का, एवढंच मी विचारलं. ते म्हणाले, इंजिन चालवायचं म्हटल्यावर पाहणारच.

घरी येऊन मी पहिलं काम केलं ते तिचे इअरफोन उचलून कपाटात टाकले आणि किल्ली पदराला बांधली. मग जे व्हायचं ते झालं. तिनं आदळआपट केली नाही, रडलीही नाही, पुस्तक उघडून बसली. अर्ध्या तासानं गेले तर पान तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. परीक्षा तोंडावर आलेली. ती म्हणाली की गाण्याबिगर अक्षरं डोक्यात जात नाहीत, आणि हे मला तिनं सांगायची गरज नव्हती, मी स्वतः त्या आजारातली. मी म्हटलं, मोठ्यानं लावू नको, इअरफोन न घालता हळू आवाजात लाव. तिनं हळू आवाजात लावलं आणि पाचच मिनिटांत वाढवलं. मी कमी केलं. तिनं पुन्हा वाढवलं. खोली नुसती शांत असली की तिच्यानं बसवत नाही म्हणे. मी म्हटलं, चल, कान दाखवून येऊ. तेव्हा मात्र ती उसळली. ‘आई, तुयं दुखणं मले कावून लावून राहिली? मले काई नाई झालं.’ लग्नाकार्यात बोलावी तशी मोठ्यानं बोलली. ती अशी मोठ्यानं कधीपासून बोलते, हे मला आठवेना.

नातेवाइकांना कुठून तरी कळलं. मग दोष द्यायला सगळे हजर. आईनंच सवय लावली, आईनंच इअरफोन दिले. जिनं पोरीला पुस्तकाची गोडी लावली तिला आता चोरासारखं उभं करायला निघाले. मी एकीला फोनवर चांगलं झापलं. पण फोन ठेवला की मी कूलरकडे पाठ करून बसायची.

सगळ्यात वाईट हे की मला पोरीची परीक्षा घेता येत नव्हती. डास कानाशी गुणगुणतो ते मला ऐकू येत नाही, गॅसची बारीक शीळ येत नाही, मोबाइलची किणकिण येत नाही. मग ते तिला येतं का नाही हे मी कसं ठरवणार? बहिऱ्यानं बहिऱ्याला हाक मारायची आणि दोघांनीही म्हणायचं, आजूबाजूला कोणी नाही. घरात धड कान उरले ते नवऱ्याचे. त्यालाच पंच केलं. करोनाच्या काळात घेतलेला थर्मामीटर कपाटात होता, काखेत ठेवला की थोड्या वेळानं बारीक वाजतो. रविवारी चहा घेताना त्यानं तो स्वतःच्या काखेत ठेवला. ठरलं असं, की वाजला की ज्याला ऐकू येईल त्यानं सांगायचं. बाप काही बोलणार नाही.

आम्ही तिघं टेबलाशी बसलो. चहावर साय धरली. मी थर्मामीटरकडे पाहत होते, माझ्या कानात नेहमीची शीळ. एकदम नवऱ्याची भुवई हलली, जराशी. लगेच मुलगी म्हणाली, ‘वाजला.’ नवऱ्यानं मान हलवली. मला काही ऐकू आलं नव्हतं, पण माझा जीव असा भांड्यात पडला की मी हसायलाच लागले. आणि मग माझ्या लक्षात आलं की ती सगळा वेळ थर्मामीटरकडे नाही, बापाच्या तोंडाकडे पाहत होती. मी म्हटलं, पुन्हा करू, आता बाबांकडे पाठ करून बस. ती उठली. ‘मले अभ्यास हाये,’ म्हणाली आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आतून गाणं सुरू झालं, माझ्यासारखीलाही ऐकू येईल एवढं. नवरा म्हणाला, ऐकला ना तिनं, आता जाऊ दे. आणि झाडांना पाणी घालायला गेला.

ती लेखी परीक्षा पास झाली. घरात पेढे आले, शेजारच्या काकूंनी गळ्यात पडून अभिनंदन केलं, नवरा पहिल्यांदाच ऑफिसात स्वतःहून कोणाला तरी काही सांगून आला. मी पेढा तोंडात धरून बसले. आता तपासणीचं बोलावणं येणार होतं. त्या संध्याकाळी ती स्वतः माझ्याजवळ आली. म्हणाली, जाऊ दाखवायले, पण अमरावतीत नको. इथे ओळखीचं कोणी ना कोणी भेटतंच, आणि बातमी बोलावण्याच्या आधी पोचते. आजीकडे जायचं सांगून अकोल्याला जाऊ. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. कितीतरी दिवसांनी तिनं फिरवू दिला.

आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो. मूर्तिजापूरपर्यंत ती मांडीवर पुस्तक उघडून बसली होती, कानात काही नाही. पान उलटलं नाही. मी खिडकीबाहेर पाहत होते, तूर फुलावर आलेली, मधूनच कापसाच्या गाड्या. एका फाटकापाशी गाडी थांबली आणि समोरून आगगाडी गेली. ती पुस्तक मिटून उभी राहिली, इंजिन दिसेपर्यंत वाकून पाहिलं, मग बसली. मी तिला विचारलं, इंजिनानं भोंगा दिला तो आला का? ती म्हणाली, ‘आई, भोंगा तर काकाआजोबालेबी आला असता.’ आम्ही दोघी हसलो. आमच्या मागच्या सीटवरची बाईसुद्धा हसली.

अकोल्याच्या त्या दवाखान्यात गर्दी नव्हती. तपासणी करणारी मुलगी माझ्या पोरीच्याच वयाची होती. काचेची खोली छोटी, आतली खुर्ची काचेकडे तोंड करून. मला तिनं मशीनशेजारी बसू दिलं, माय आहे म्हणून. पोरीच्या डोक्यावर जाड काळे हेडफोन चढले. वाचायला बसताना बसायची तशीच ती बसली, पाठ ताठ, हात मांडीवर. कितीही बारीक आवाज आला तरी बोट वर करायचं, तपासणारीनं सांगितलं, आणि दार लावून घेतलं.

तिनं बटण दाबलं की मशीनवर एक हिरवा दिवा लागायचा. दिवा लागला, बोट वर. पुन्हा दिवा, पुन्हा बोट. सुरुवातीचे सगळे आवाज पोरीनं पकडले. मी मनातल्या मनात रेघ काढत होते, सरळ, सरळ, सरळ. बाहेर जाताना बर्फी घेऊन जाऊ असंही मनात आलं. मग आवाज बारीक होत गेले असावेत. दिवा लागला. बोट मांडीवरच. दिवा पुन्हा लागला. बोट मांडीवरच. पोरीनं मान वर केली आणि काचेतून माझ्याकडे पाहिलं. तोंडाकडे पाहिलं, अगदी नीट.

मला एकदम कळलं की मी आत्ता नुसती पापणी हलवली तरी तिचं बोट वर येईल. देवाशपथ सांगते, माझी मान हलायला आली होती. हा कागद तर आमच्याजवळच राहणार होता, रेल्वेवाल्यांना तो कुठे दिसणार होता. निदान आज आईच्या घरी हसत जेवलो असतो. पुढे कोणत्या तरी मोठ्या दवाखान्यात कोणी तरी अनोळखी माणूस तिला नाही म्हणाला असता, तेव्हा तिथे मी नसते. हे सगळं मनात येऊन गेलं तोवर दिवा पुन्हा लागला होता, आणि ती माझ्याकडे पाहतच होती.

मी खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

भिंतीवर कानाचं चित्र होतं, आतला शंख गुलाबी रंगात. मी त्या शंखाकडे पाहत राहिले. पाठीमागे बटणाची टकटक चालू होती, ती मला येत होती. माझी शीळ चालू होती. पोर माझ्या पाठीकडे पाहत असेल, हे मला पाठीला कळत होतं. बऱ्याच वेळानं टकटक थांबली. मला वाटलं, संपलं. तपासणारी मुलगी हळूच म्हणाली, ‘मॅडम, जरा इकडे पाहा बरं.’

मी वळले. पोरीनं डोळे मिटून घेतले होते. मशीनवरचा दिवा बंद होता, तपासणारीचे दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर होते. काचेमागे माझ्या मुलीचं बोट वर होतं आणि ते खाली येत नव्हतं.

‘मी आता काहीच वाजवलेलं नाही,’ तपासणारी म्हणाली.

‘माहीत आहे,’ मी म्हटलं. ‘तिलाही ऐकू येतंय.’